मधल्या झडपेचं पाणी

३ सप्टेंबर

खारूताई,

आशीर्वादाची ओळ लिहायला घेतली आणि हात थबकला, म्हणून नुसतं नाव लिहून पुढे जातो. चौतिशीच्या बाईला खारूताई काय म्हणता, असं तुझी आई असती तर म्हणाली असती. पण दुसरं नाव माझ्या तोंडात बसत नाही.

तुझं कार्ड आलं त्याला वर्ष झालं. दोनच वाक्यं होती. 'मी बरी आहे. येऊ नका.' आलो नाही. पत्र लिहू नका असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही, ही पळवाट सापडायला मला वर्ष लागलं. वाच, नाहीतर फाडून टाक. फाडताना दोन ओळी तरी दिसतीलच.

डिसेंबरअखेर मी निवृत्त होतो. मग धरणावरचं क्वार्टर सोडायचं. गावात एका शिंप्याच्या दुकानावरची खोली बघून ठेवली आहे. तिथे शुद्धीकरण केंद्राचं पाणी प्यावं लागेल. आम्ही धरणावरची माणसं त्याला आजाऱ्यांचं पाणी म्हणतो, हे तुला ठाऊक आहेच.

खात्याने यंदा तळ्यात यंत्रं सोडली. उपसा मनोऱ्यापासून तळापर्यंत एक तार, आणि तारेला दर दोन मीटरवर एक डबी. डबी दहा-दहा मिनिटांनी पाण्याचं तापमान आणि गढूळपणा कळवते. नावाडी आणि मी तीस वर्षं दर शुक्रवारी होडीतून जाऊन जे करत होतो, ते साहेब आता खुर्चीत बसून बघतात. नावाडी म्हणतो, "आपण आता होडीत बसून माशा मारायच्या." त्याला गंमत वाटते. मला नाही वाटत.

लहान असताना तू विचारायचीस, तळ्यातलं पाणी एका जागी बसून कंटाळत नाही का. तेव्हा मी हसण्यावारी न्यायचो. उत्तर असं की ते बसलेलं नसतंच. आपल्या या थंड डोंगरात उन्हाळा सप्टेंबरअखेरपर्यंत लांबतो, आणि तोवर तळं म्हणजे एका घरात राहून एकमेकांशी न बोलणारी तीन भावंडं. वरचं पाणी उन्हाने तापलेलं, हलकं, शेवाळाने हिरवं. तळाचं गार, जड, महिनोन् महिने वारा न लागलेलं, नासक्या अंड्याचा वास मारणारं. आणि दोघांच्या मध्ये मधलं. वारा सुटला की वरचं पाणी पलीकडच्या काठाला जाऊन साचतं, आणि त्याच वेळी खालचं उलट दिशेने सरकतं. वारा पडला तरी खालचे थर दोन-तीन दिवस हेलकावत राहतात. वर मात्र पाणी आरशासारखं. काठावर उभा राहून बघणाऱ्याला काहीही कळत नाही. म्हणून तर मनोऱ्याला तीन झडपा आहेत, वरची, मधली आणि खालची. कुठल्या झडपेतून गावाला पाणी द्यायचं ते माझ्या शुक्रवारच्या आकड्यांवर ठरायचं. उन्हाळ्यात बहुतेक मधलीच.

जावईबापू बाजारात दिसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि रस्ता ओलांडला. बारीक झालेत. आईबरोबर राहतात, दुसरं लग्न केलेलं नाही.

या महिनाअखेरीला तुझ्या पोराला, आपल्या बेडक्याला, जाऊन दोन वर्षं होतील. तो चार वर्षांचा होता, हे तुला सांगायची गरज नाही. तरी लिहिलं. त्याच्याबद्दल कुणाशी बोलायलाच मिळत नाही.

बाबा


२१ सप्टेंबर

खारूताई,

उत्तर नाही, म्हणजे पत्र परतही आलेलं नाही. मी त्याचा अर्थ मला सोयीचा लावतो.

मंगळवारी वरच्या अंगाला गारा पडल्या. नदी लालभडक होऊन आली. साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं होतं पुराचं पाणी वरून पसरत येणार. तुलाही तसंच वाटेल, कुणालाही वाटेल. तसं होत नाही. गारांचं पाणी थंड, म्हणजे तळ्याच्या वरच्या पाण्यापेक्षा जड. ते तळ्यात शिरल्याबरोबर बुडी मारतं. पण तळाचं पाणी त्याच्याहूनही गार. मग ते तिथेही जाऊ शकत नाही. खाली जाता जाता आपल्याच वजनाचं पाणी भेटलं की तिथेच ते आडवं शिरतं आणि गपचूप धरणाकडे येतं. तीन दिवस लागतात. वरून तळं निळंशार, तळही नितळ, आणि मध्ये चार मीटर जाडीचा गाळाचा पट्टा. वरच्या गावांच्या गोठ्यांची आणि संडासांची सगळी घाण त्यात.

पट्टा नेमका कुठे? मधल्या झडपेसमोर.

शुक्रवारी पहाटे पडद्यावरची मधली रेघ हलली. साहेबांनी पंधरा मिनिटांत मधली झडप बंद करवली आणि वरची उघडली. पाण्याला थोडा शेवाळाचा वास आला, चार तक्रारी आल्या. गावात एकही माणूस आजारी पडला नाही. साहेब म्हणाले, "यंत्र नसतं तर काय झालं असतं, कल्पना करा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मला कल्पना करायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वी याच आठवड्यात गारा पडल्या होत्या. तुझ्या लक्षात असतील, तुमच्या कौलांवरही पडल्या होत्या. बेडक्याने वाटीत गोळा करून ठेवल्या होत्या आणि त्यांचं पाणी झाल्यावर तुझ्याशी भांडला होता.

पुढे लिहिणार होतो. आज जमत नाही.

बाबा


६ ऑक्टोबर

खारूताई,

साहेबांनी जुनी नोंदवही मागितली. गारपिटीच्या वेळी पूर्वी काय झालं होतं त्याच्याशी यंत्राचे आकडे ताडून बघायचे, वरच्या कचेरीला अहवाल पाठवायचा. माणूस हुशार आहे आणि वयाने माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. मी म्हटलं, वही कुठे ठेवली बघावी लागेल. ती माझ्या टेबलाच्या खणातच होती. चार दिवस मी ती शोधली.

अखेर त्यांनीच खण उघडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मी समोर उभा राहून खिडकीची कडी उगाचच घट्ट करत होतो. त्यांनी पान काढलं. दोन वर्षांपूर्वीच्या गारांच्या आधीच्या आणि नंतरच्या शुक्रवारच्या ओळींवरून बोट फिरवलं. वरच्या थराचे आकडे वेगळे. मधल्याचे सारखे, अगदी दशांशासकट. तळाचेही सारखे.

"तळाचं पाणी उन्हाळाभर हलत नाही, साहेब," मी म्हटलं. "सात अंश म्हणजे सात अंश."

"तळाचं जाऊ द्या. हे मधलं?"

"मधलंही फारसं नाही."

त्यांनी पुन्हा एकदा मधल्या आकड्यांवर बोट ठेवलं. मग वही मिटली. "तुमचे तीन महिने राहिलेत. त्या वर्षीच्या साथीची चौकशी तेव्हाच मिटली आहे, खालच्या आळीतला फुटका पाइप निघाला होता ना? मी ही वही बघितलेली नाही." असं म्हणून चहा मागवला. मला वाटलं होतं ओरडतील, निलंबित करतील. चांगल्या माणसाने दया दाखवली की पळायला जागाच उरत नाही.

ही आमच्या धंद्यातली खोड आहे, खारूताई. बाहेरचा माणूस ही चूक करणारच नाही, कारण त्याला पाण्यातलं काही कळत नसतं, तो मुकाट्याने ठरलेल्या पाचही पातळ्यांवर नमुन्याची बाटली सोडेल. दोर सोडायचा, प्रत्येक पाच मीटरला गाठ, गाठ आली की वरून शिशाचं वजन दोरावरून सोडायचं. त्याला आम्ही निरोप्या म्हणतो. निरोप्या खाली जाऊन बाटलीवर आपटला की तिचं तोंड बंद होतं, आणि त्या खोलीचं पाणी वर येतं. एका फेरीला दोन तास. ज्याने तीस वर्षं केलं, त्याला माहीत असतं की ऑगस्ट-सप्टेंबरात खालचे आकडे बदलत नाहीत. मग तो पांढरी तबकडी वरच्या पाण्यात सोडतो, ती किती खोलवर दिसते ते लिहितो, आणि बाकीचं मागच्या ओळीवरून उतरवतो. सगळेच करतात. त्या दिवशी नावाड्याचा गुडघा धरला होता. आणि मला घाई होती.

घाई कसली ते विचारू नकोस.

दवाखान्यातल्या त्या दुपारी मी तुला सगळ्यांसमोर तसं विचारायला नको होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, मुलगा कुठलं पाणी प्यायला. त्या तुझ्याकडे बघत होत्या, तुझी सासू बघत होती, जावईबापू बघत होते. कुणी काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "उकळलं नव्हतंस का गं?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "नाही."

त्या एका शब्दावर त्यांनी तुला घराबाहेर काढलं. तोंडाने काढलं नाही, पण घरात श्वास घेऊ दिला नाही. मी तुझ्या बाजूने एक अक्षर बोललो नाही. माझी मुलगी निष्काळजी निघाली म्हणून मान खाली घालून बसलो, आणि लोकांनी मलाच धीर दिला.

बाबा


२७ ऑक्टोबर

खारूताई,

तळं काल पालटलं. दरवर्षी थंडी पडली की होतं. वरचं पाणी गार होत जातं, जड होतं, खाली बसायला लागतं, आणि एक दिवस वरपासून खालपर्यंत सगळं एकाच तापमानाचं होतं. मग साधा वारा आला तरी आख्खं तळं ढवळून निघतं. तळाची घाण वर येते. चार-सहा दिवस वास सुटतो, पाणी काळपट दिसतं, मग तळाला पुन्हा हवा मिळते आणि सगळं निवळतं. माणसाचंही तसंच व्हावं म्हणून हे पत्र लिहायला बसलेलो नाही. साहेबांच्या त्या चहानंतर मला अन्न गोड लागत नाही, म्हणून बसलो आहे.

आता सरळ लिहितो.

गारा मंगळवारी पडल्या. शुक्रवारी मी एकटाच होडीतून गेलो, तबकडी सोडली, ती सहा मीटरपर्यंत स्वच्छ दिसली. बाटली सोडलीच नाही. मधले आणि तळाचे आकडे मागच्या आठवड्याचे उतरवले आणि केंद्राला फोन करून सांगितलं, पाणी उत्तम आहे, मधली झडप चालू ठेवा. माझ्या आकड्यांवर ते क्लोरीन किती टाकायचं ते ठरवतात. त्यांनी नेहमीसारखं थोडंसं टाकलं. पट्टा त्याच शुक्रवारी मनोऱ्याशी आला होता. घाणीने ते थोडंसं क्लोरीन खाऊन टाकलं आणि पाणी गावात गेलं.

सोमवारी सकाळी मला संशय आला. माझं स्वतःचं पोट रविवार संध्याकाळपासून बिघडलं होतं. नावाड्याला न सांगता होडी काढली आणि मधल्या गाठीला बाटली सोडली. वर आलं ते पाणी चहासारखं होतं. मी ते तळ्यात ओतलं, मनोऱ्यावर चढून स्वतःच्या हाताने मधली झडप फिरवून बंद केली आणि वरची उघडली. इतकं तर मी केलं. वहीत मात्र काही लिहिलं नाही. केंद्राला सांगितलं की शेवाळ कमी झालंय म्हणून वरची उघडली. गावात चाळीसेक माणसं आजारी पडली, मंगळवारी नगरपालिकेने पाणी उकळून प्या अशी दवंडी फिरवली, पुढे फुटका पाइप सापडला. गावात फुटका पाइप शोधला की सापडतोच.

म्हणजे बुधवारी दवाखान्यात मी तुला विचारलं, तेव्हा मला सगळं माहीत होतं. हे वाचून तू काय करशील मला माहीत नाही. पण इतकं लक्षात घे. तू पाणी उकळलं नव्हतंस हे खरं असलं, तरी सप्टेंबरात रोज पाणी उकळणारी बाई मी पाहिलेली नाही. दवंडी तर मंगळवारी आली. तुझा दोष नाही. दोष माझ्या दोन ओळींचा. तू दोन वर्षं जे उराशी धरून बसली आहेस ते खाली ठेव. ते माझं आहे.

जावईबापूंना मी सांगेन. तू म्हणशील तेव्हा, तू म्हणशील तसं. त्यांना कळलं की ते तुला न्यायला येतील, मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. मी उरलेलं आयुष्य तोंड काळं करून काढीन. तुझं घर पुन्हा लागलं की झालं.

बाबा


९ नोव्हेंबर

बाबा,

तुमची चारही पत्रं वाचली. पहिली तीन दोनदा वाचली.

मी पाणी उकळत होते. रोज. तो झाल्यापासून एक दिवस चुकला नाही. सासूबाई त्यावरून टोमणे मारायच्या की गॅस काय फुकट येतो. नंतर त्याच म्हणाल्या की हिने कधी उकळलंच नाही.

शनिवारी आणि रविवारी तो तुमच्याकडे होता. मीच आणून सोडला होता, शुक्रवारी संध्याकाळी. तुम्ही दिवसभर त्याची वाट बघत होता, त्याच्यासाठी होडीत बसायची छोटी फळी ठोकत होता. तुमची घाई कसली ते मी विचारणार नाही, मला माहीत आहे. तुमच्या क्वार्टरच्या नळाला केंद्राचं पाणी येत नाही, मनोऱ्यातून थेट येतं. धरणावरची माणसं ते तसंच पितात आणि त्याची फुशारकी मारतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. मीही तेच पिऊन वाढले.

मंगळवारी ताप चढल्यावर तो तुमच्या नळाचं पाणी मागत होता. आजोबांचं पाणी गार असतं, तुझं कोमट आहे, म्हणाला. माझं कोमट होतं कारण नुकतंच उकळलेलं होतं. तेव्हाच मला कळलं.

बुधवारी तुम्ही भिंतीला धरून उभे होता. दोनदा बाहेर जाऊन आलात. मला वाटलं दुःखाने. तुम्ही विचारलंत, उकळलं नव्हतंस का गं, आणि मला वाटलं, यांच्या लक्षातच आलेलं नाही. यांना वाटतंय माझ्याच घरचं पाणी. मी खरं सांगितलं असतं, तर डॉक्टरीणबाईंनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग कुठे प्यायला. तुमच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. मी तुम्हाला ओळखते. तुम्ही तिथून निघून सरळ मनोऱ्यावर गेला असता आणि परत आला नसता. त्याच दिवशी एक माणूस गेला होता. दुसरा जायला नको होता. म्हणून मी नाही म्हणाले.

नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याने मला विचारलं होतं, तू आई आहेस का. या खोलीत दोन वर्षं मी एका गोष्टीवर काढली. सकाळी उठून कामाला जायचे तेव्हा वाटायचं, सगळं गेलं, पण बाबा जिवंत आहेत, आणि त्यांना काही माहीत नाही. येऊ नका लिहिलं ते याच्यासाठी. तुम्ही समोर आला असता तर माझ्या तोंडावर दिसलं असतं.

तुम्हाला सगळं माहीत होतं.

आणि एक गोष्ट तुम्ही इतक्या सहज लिहिली आहे की ती लिहिताना तुमच्या लक्षात आली नसावी. सोमवारी सकाळी तुम्ही बाटली वर काढली. सोमवारी सकाळी तो दारात खेळत होता, बाबा. दुपारी जेवला. पहिली उलटी संध्याकाळी झाली. मंगळवारी सकाळपर्यंत मी त्याला घरचं औषध देत होते, मला वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. तुम्ही फोन केला असता तर मी त्याला खेळता खेळता उचलून दवाखान्यात नेलं असतं. झडप बंद करायला तुम्ही मनोरा चढलात. फोन तर तुमच्या खिशात होता.

आकडे उतरवले ते मी समजू शकते. माणूस थकतो. फोनचं मला समजत नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही नाही.

मी हे गाव सोडते आहे. नवा पत्ता कुणालाच देणार नाही. इथल्या घरमालकीणबाईंनाही नाही. माझ्या नवऱ्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचारू नका.


२ डिसेंबर

खारूताई,

हे पत्र मी जुन्याच पत्त्यावर टाकणार आहे. दुसरा माझ्याकडे नाही.

फोनबद्दल तू लिहिलंस. मी तीन आठवडे त्याच्यावर विचार केला, आणि मला एखादं कारण सापडावं म्हणून खूप खटपट केली. नाही सापडलं. सोमवारी मला वाटलं, पोर धडधाकट आहे, रविवारी टुणटुणीत गेलं, त्याला काही होणार नाही. फोन केला तर का केला ते सांगावं लागेल. एका पोराला काही होणार नाही असं धरून चाललो, जसं मधलं पाणी हललेलं नाही असं धरून चाललो होतो. इतकंच आहे ते. याच्यापेक्षा मोठं काही कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

आणि तू नाही म्हणालीस, तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. हे लिहायलाच हवं. माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभा राहून बेडक्या स्वतः नळ सोडायचा, भांडं भरायचा, मी त्याला शाबासकी द्यायचो. हे मला दवाखान्यात स्पष्ट दिसत होतं. तरीही तुझा 'नाही' ऐकून मी मनात म्हणालो, म्हणजे घरचं पाणीही तसंच होतं, म्हणजे कुठलं कोण सांगणार. तू मला वाचवत होतीस आणि मी ते फुकटात मिळालं म्हणून घेत होतो.

काल जावईबापूंकडे गेलो. दुपारची वेळ होती, तुझ्या सासूबाई आत निजल्या होत्या. त्यांनी दार उघडलं आणि तसेच दारात उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. मी वही बरोबर नेली होती. ती उघडायची वेळ आली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, गारांपासून फोनपर्यंत. माझ्या नळाचंही सांगितलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मग ती नाही का म्हणाली?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी."

ते चौकटीला टेकून खाली बसले, उंबऱ्यावरच. मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता, तुझी आई गेली तेव्हा मीही असा रडलो नव्हतो. मग म्हणाले, मी तिला काय काय बोललो तुम्हाला माहीत नाही. म्हणाले, दोन वर्षं रोज सकाळी मी तिचा राग करत उठलो. मग त्यांनी डोळे पुसले, उठून आत गेले, पायात चपला घातल्या, कपाटातून पाकीट घेतलं आणि बाहेर आले. ते आत्ता, त्याच पावली निघाले होते, खारूताई. मी तुला लिहिलं होतं ना, मला त्यांचा स्वभाव माहीत आहे.

"पत्ता द्या," म्हणाले.

मी म्हटलं, "माझ्याकडे नाही. ती गेली. कुठे गेली कुणालाच माहीत नाही."

त्यांना वाटलं मी अजूनही काहीतरी लपवतो आहे. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि हळू आवाजात पुन्हा विचारलं. मग पुन्हा. मी तेच उत्तर दिलं. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात हात घालून पाहिलं. पिशवीतली वही काढून पानं उलटून पाहिली, कुठे लिहून ठेवला असेल म्हणून. मी उभा राहून बघू दिलं.

बाबा